आठ जणांचा अणू

इलेक्ट्रॉन धापा टाकत होते. आठ जणांनी उजव्या पायात चाळ बांधून शाळेच्या अंगणात जाखडीचा फेर धरला होता. मधे सतरंजीवर तेजस्वी अणूचं गाणं गात होती, सर्वेश ढोलकी वाजवत होता, आणि दोघांच्या मधोमध गुरुप्रसाद सर उभे राहून मान डोलावत होते. गणाशिवाय जाखडी होत नाही, त्यामुळे अणूचीही सुरुवात गणपतीला वंदन करूनच झाली होती.

सर मूळचे मराठीचे. विज्ञानाची जागा तीन वर्षं रिकामी, आणि रिकाम्या जागी मराठीचा माणूस कुठेही बसतो असा खात्याचा समज आहे. ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन आठ, जाखडीत नाचणारे आठ. हा योग जुळलेला पाहून सरांना विज्ञान पहिल्यांदाच घरचं वाटलं होतं.

फाटकाशी शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी येऊन उभे राहिले. गृहस्थ केमिस्ट्रीचे पदवीधर. मागच्या खेपेला बजावून गेले होते, "विज्ञान झेपत नसेल तर आठवीची ही दहा पोरं सावर्ड्याच्या शाळेत घालू."

"कसला अणू हा?"

"ऑक्सि..."

"आणि आठही एकाच फेरात? आत दोन, बाहेर सहा हवेत ना, सर?"

सावर्ड्यासाठी रोज पहाटे डोंगर उतरून एसटी पकडणारी आपली दहा पोरं सरांना दिसायला लागली. ढोलकी थांबली.

"ऑक्सिजन काल झाला, साहेब," तेजस्वी बसल्या जागेवरून म्हणाली. "आज निऑन. आतल्या कक्षेत आम्ही दोघं, बाहेरच्या कक्षेत आठ."

साहेबांनी बोटांवर मोजलं. दहा भरले.

"मग केंद्रक कुठाय?"

"ते काय, आमचे सर."

साहेबांनी सरांना आपादमस्तक न्याहाळलं. सरांचा घेर बघता, अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान केंद्रकातच असतं, हेही त्यांना पटलं असावं. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'अध्यापन उत्तम. वर्ग येथेच ठेवावा.' मग चहा घेतला आणि गेले.

गाडी वळणाआड गेली तसे सर मटकन सतरंजीवर बसले. विद्यार्थ्याचे आभार कसे मानतात, हे सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून त्यांनी नुसतंच विचारलं, "काल कधी गो झाला आपला ऑक्सिजन?"

"नाहीच झाला. परवा फळ्यावर तुम्ही आठ जण एका गोलात काढलेत, तेव्हाच आम्हाला कळलं की चुकलंय." तेजस्वी सतरंजीची दशी विंचरत राहिली. "पण सर, तुम्ही नाच एवढ्या हौसेनं बसवलात, तो मोडायचा कसा? मग सगळ्यांनी पुस्तक पालथं घातलं, आणि आम्ही मूलद्रव्यच बदललं."