जिभेचं शून्य

कारखान्याच्या कुंपणाबाहेर भूजल तपासायची तिसरी विहीर खोदून झाली. खोदकाम करणाऱ्या रज्जाकभाईंनी नळीतून पहिला नमुना वर काढला आणि वासानेच तोंड फिरवलं. हेमांगीने जिभेवर चव मोजणारी चकती बसवून त्यातला एक थेंब घेतला. यंत्रांमध्ये फेरफार व्हायला लागल्यापासून कायदा फक्त शपथ घेतलेल्या माणसाची जीभ मानत होता.

पडद्यावर प्रदूषणाचा आकडा आला, शून्य.

"बघा, स्वच्छ!" कारखान्याचे बोंद्रेसाहेब म्हणाले. "म्हणून तर आम्ही गावचीच मुलगी मागितली. करा सही, उद्यापासून गाव हे पाणी प्यायला मोकळं."

"डुकरंसुद्धा पिणार नाहीत, साहेब," रज्जाकभाई म्हणाले. "ताई, तुला खरंच काही लागत नाही?"

लागत होतं. गोडसर, अगदी घरच्यासारखं.

मग तिच्या लक्षात आलं. चकती आपलं शून्य जिभेच्या सवयीवरून ठरवते, आणि तिची जीभ याच जमिनीच्या पाण्यावर वाढली होती. गेल्या महिन्यात, यकृत निकामी झालेल्या बाबांनी शेवटी घरच्या विहिरीचं हेच पाणी मागितलं होतं. तिने चमच्याचमच्याने पाजलं होतं.

तिने थुंकून टाकलं, पुन्हा थुंकली. गोडी काही जाईना.

"मॅडम, सही," बोंद्रेंनी अर्ज पुढे केला.

तिने अर्ज उलटा केला. मागे सदोष उपकरणाचा तक्ता होता. तो भरला की बाहेरगावची जीभ आणून फेरतपासणी करणं सक्तीचं होतं.

उपकरण : हेमांगी केणी यांची जीभ, तिने लिहिलं. दोष : प्रदूषित. कालावधी : एकतीस वर्षं.