बेचाळीस नंबर

स्कॅनर वाजला तेव्हा एडिथ बार्रिया बुटांच्या विभागात खोके लावत होती. पडद्यावर आलं : आत लोकर असलेले गमबूट, पंचेचाळीस नंबर, एक जोड. मोबाइलवरून घेतलेले, गिऱ्हाईक दुकानातून नेणार. शोधायला वीस मिनिटं.

जोड कुठे आहे ते एडिथला पक्कं ठाऊक होतं. मागच्या खोलीत, माळ्यावर, तिनेच लपवलेला. म्हाताऱ्या ओयार्सोने आठवड्यापूर्वी सांगितलं होतं, "खेकडे धरायला निघायच्या दिवशी नेतो. तोवर सांभाळ." चिलीच्या दक्षिण टोकाला, पुन्ता आरेनासमध्ये बावीस वर्षं हे असंच चालत आलंय. दर्यावर जाणारा शब्द टाकतो, एडिथ खोका बाजूला ठेवते. हे मोबाइलचं खूळ आल्यापासून मात्र आपल्या फळीवरचा जोड देशातला कुणीही घरबसल्या उचलतो. राजधानीत, सान्तियागोत बसून आकडे बघणाऱ्यांना आमचा माळा काय माहीत!

तिने 'सापडले नाहीत' दाबलं. ऑर्डर सान्तियागोच्या गोदामाकडे गेली.

लगेच पामेला आली. दुकानाची मॅनेजर, एडिथपेक्षा वीस वर्षांनी लहान.

"एडिथताई, या महिन्यातलं हे तिसरं. आणि तिन्ही वेळा स्टॉकमध्ये एक जोड दिसतोय. वरून निरोप आलाय, आता खोटी नोंद निघाली तर तुम्हाला घरी बसवायचं. मी तरी किती झाकू?"

"वय झालं गं. नजरेला पडत नाहीत."

तेवढ्यात ओयार्सोच आला. खांद्यावर बोचकं, हातात मोबाइल.

"एडिथ, पोरीला म्हटलं, बूट ठेवलेत बाजूला. तर पोरीने तिकडे प्वेर्तो मोंतमध्ये बसून पैसेसुद्धा भरून टाकले! पण आता हे काय आलंय बघ, चष्मा नाही आणला मी."

पामेलाने वाचलं. "दुकानात सापडले नाहीत. सान्तियागोहून अकरा दिवसांत येतील."

"अकरा दिवस? अगं बाई, बोट आज दुपारी बाराला सुटते! जुन्या बुटांत पाणी शिरतं. मागच्या खेपेला पायाची दोन बोटं काळी पडली माझी, तिसरं तर डॉक्टर कापायला निघाला होता." तो एडिथकडे वळला. "तू ठेवलेस ना?"

घरात कमावणारी ती एकटी.

"आहेत," ती म्हणाली. "मीच लपवलेत, मॅडम. माळ्यावर."

पामेला मागच्या खोलीत जाऊन शिडी चढली; दोघं मागोमाग आली. पंचेचाळीसचा खोका तिने ओयार्सोच्या हातात दिला, आणि त्याच्यामागचा आणखी एक ओढला. त्यावर बोटभर धूळ होती. वर चिठ्ठी, एडिथच्या अक्षरात : 'सेगुंदो मान्सिया. परत आला की नेणार.'

"बेचाळीस नंबर," पामेला म्हणाली. "आधी दोनदा न सापडलेला जोड हाच?"

एडिथने मान डोलावली.

ओयार्सोने डोक्यावरची लोकरीची टोपी काढली. सेगुंदोची बोट गेल्या ऑगस्टमध्ये गेली ती आलीच नाही. नौदलाने पंधरा दिवस शोधलं आणि मग सोडून दिलं. त्याची बायको अजून दुखवट्याचं काळं नेसत नाही.

"माणूस अजून सापडला नाही, मॅडम," एडिथ म्हणाली. "मग त्याचे बूट मी दुसऱ्याला कसे द्यायचे?"

पामेलाने तिथूनच सान्तियागोला फोन लावला. "पंचेचाळीसची ऑर्डर परत आमच्याकडे द्या. सापडले. हो, मोजताना मीच चुकले."

मग तिने बेचाळीसचा खोका होता तिथे परत सरकवला. शिडीवर उभ्याउभ्याच स्कॅनर काढला, स्टॉकमध्ये बेचाळीस नंबरासमोरचा एकचा आकडा पुसला आणि शून्य लिहिलं.