शेवटचा फर्मा

छत खाली आलं तेव्हा लेखक छापखान्याच्या तळघरात, कागदाच्या रिमांच्या दोन उंच थप्प्यांमध्ये उभा होता. हातात त्याच्या नव्या कादंबरीचा शेवटचा फर्मा होता, त्याच सकाळी छापून निघालेली सोळा पानं. आधी वर काहीतरी करकरलं. मग दिवे गेले आणि एक अख्खी थप्पी त्याच्या अंगावर कोसळली.

तो भानावर आला तेव्हा उजवा पाय जागचा हलत नव्हता. तोंडात सिमेंटची धूळ होती. बाहेर भर दुपार असणार, पण इथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. तो ओरडला. घसा कोरडा पडेपर्यंत ओरडला. कुणी ओ दिली नाही.

बऱ्याच वेळाने डावीकडून सरपटल्यासारखा आवाज आला.

"सर? आहात का?"

"कोण?"

"मी बाइंडर. तुमचं पुस्तक माझ्याकडेच आहे बांधायला."

सकाळी फाटकाशी भेटलेला पन्नाशीचा माणूस, बोटांना खळ चिकटलेली. लेखकाला हायसं वाटलं.

"तुम्हीही अडकलात?"

"अडकलोच म्हणायचं."

कागदांवरून चाचपडत एक हात आला. खांदा, मग कंबर, मग मांडी. तिथे तो थांबला. पाठोपाठ कापड फाटल्याचा आवाज आला आणि मांडीवर करकचून गाठ बसली. लेखक कळवळला.

"सर, एक सांगू? मला अंधाराची फार भीती वाटते. तुम्ही बोलत राहा. गप्प झालात की माझा जीव घाबरा होतो."

लेखकाला त्याची कीव आली. स्वतःला तर डोळे मिटून पडावंसं वाटत होतं. कसली तरी गोड सुस्ती अंगात चढत होती. पण शेजारी एक माणूस थरथरत होता.

"काय बोलू?"

"पुस्तकाचंच सांगा. फर्मे लावता लावता वाचतो मी. शेवटचा आलाच नाही माझ्याकडे. खाणीतले ते दोघं सुटतात का हो?"

लेखक त्या अंधारातही ओशाळला. अशा पाच कादंबऱ्या त्याच्या नावावर होत्या आणि पाचही व्हिडिओ गेमवर बेतलेल्या. कुठली तरी बंद जागा, मागे लागलेलं काहीतरी भयंकर, खिशात तीन काड्या आणि मरू घातलेली बॅटरी. जिवंत बाहेर पडायचं, बस. प्रसंग गेमची कंपनी पाठवायची, हा त्यात जीव ओतायचा. "आमचा धाकटा गेम बघून पुस्तकं पाडतो," अशी त्याची ओळख मोठा भाऊ चारचौघांत करून द्यायचा.

"सारख्या किल्ल्याच शोधत असतात बिचारे," बाइंडर म्हणाला.

"गेमच तसा आहे. मी काय करू?"

दोघंही हसले. धूळ नाकात गेली आणि खोकत बसले.

मग लेखकाने सांगायला घेतलं. मिठाची खाण, जमिनीखाली सात मजले. दोन खाणकामगार आणि श्वासाच्या आवाजावर माग काढणारा एक आंधळा प्राणी. सांगता सांगता त्याची जीभ जड व्हायची. लगेच अंधारातून हात यायचा, खांदा हलवायचा. "मग? मग काय झालं?"

मधेच कुठे तरी बाइंडर "रस्ता बघून येतो" म्हणून सरपटत निघून गेला. लांबवर लोखंडाचे घाव ऐकू आले. कुणीतरी कुणावर तरी खेकसत होतं. परत आला तो धापा टाकत. पुन्हा गेला तेव्हा ओला फडका घेऊन आला आणि लेखकाच्या ओठांवर पिळला.

"नळ फुटलाय तिकडे."

"वाट सापडली?"

"वाटेचं सोडा हो. दोघं चौथ्या मजल्यावर होते."

तिसऱ्यांदा जाऊन आला तेव्हा वरचा स्लॅब पुन्हा करकरला. ढेकळं पडू लागली. बाइंडर लेखकाच्या डोक्यावर ओणवा झाला. त्याची छाती धडधडताना लेखकाला जाणवत होती.

"घाबरू नका," लेखक पुटपुटला. "मी आहे ना."

"हो सर. शेवट सांगा."

"शेवटी वर नेणारा पाळणा एकाचंच वजन पेलतो. दुसऱ्याला खाली सोडून जावं लागतं."

"आणि नाही सोडलं तर?"

"दोघं मरतात. गेम तिथेच संपतो."

"पुस्तकातही तसंच?"

"मी दोघांना वर आणलं होतं. कंपनी म्हणाली, खेळणाऱ्यांना ते खोटं वाटेल. मी बदललं. छापलंय ते त्यांचंच."

बाइंडरने त्याच्या चेहऱ्यावरची धूळ पुसली.

"मग आता तुमचा शेवट सांगा," तो म्हणाला. "सगळा सांगा. घाई नाही."

लेखकाने सांगितला. एकेका वाक्याला दम लागत होता. दोघं पाळण्यापाशी पोचले तेवढ्यात डोक्याशी कटर घरघरला आणि उजेडाची एक चीर आत घुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अग्निशमन दलाचा अधिकारी इस्पितळात जबाब घ्यायला आला. पाय वाचला होता. लेखक उशीला टेकून बसला होता. चेहरा पांढराफटक, पण आवाज खणखणीत.

"ते बाइंडर कसे आहेत?"

"ठीक आहेत. पाठ सोलवटलीय. घरी सोडलं त्यांना."

"बिचारे फार घाबरले होते हो. मी शेवटपर्यंत बोलत राहिलो म्हणून निभावलं. खरं सांगू, तुम्ही आधी त्यांना बाहेर काढायला हवं होतं."

अधिकाऱ्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"सर, छत पडलं तेव्हा ते रस्त्यापलीकडे चहा पीत होते. आम्ही पोचायच्या आधीच कागद उतरवायच्या भोकातून आत शिरलेले. तीनदा पाय धरून बाहेर ओढलं त्यांना. तिन्ही वेळा आमचे हात झटकून परत आत गेले."