सेलुमावेरा

“लिवत बस, पण कोणाले सांगू नोको. लोक हासतेत.” रेणू शाळेत होती तेव्हाचा आईचा, निर्मलाबाईंचा, हा आवाज. त्यानंतर रेणूच्या लिहिण्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. आंधळगावात कोणी विचारलंच, तर “पोरगी नागपूरले आफिसात आहे,” एवढंच सांगायच्या.

आज मात्र रेणूच आईच्या भाताच्या बांधीत गुडघाभर चिखलात उतरली होती. नव्या कादंबरीत तिनं तळ्यावर राहणारी माणसं उभी केली होती, आणि त्यांना स्वतःची भाषा दिली होती. कागदावर ती छान दिसत होती. पण कामात वाकलेल्या बाईच्या तोंडी ती जगेल का, हे तिला बघायचं होतं. म्हणून त्या माणसांचं एक गाणं तिनं रोवण्याच्या बायांना सकाळीच शिकवलं.

“लोमा तिरी लोमा, हुरा सेलुमावेरा…”

बायांची ओळ रोपं लावत मागे सरकू लागली. ‘हुरा’पर्यंत हात आणि सूर जोडीनं चालले. पुढच्या शब्दाशी सगळ्या अडखळल्या. कोणाचा पाय आधी पडला, कोणाचा श्वास सुटला.

“काहो रेणूताई,” रीता खिदळली, “पऱ्हे रोवाव का दात सांभाळाव?”

ओळभर हशा पिकला. रेणूचे कान तापले.

“लांब झाला तो शब्द,” निर्मलाबाई खालमानेनंच म्हणाल्या. “काप ना त्याले.”

“नाई, माय.” रेणूचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. “सांजच्याले तळ्यावरून नाव घरी परतते, त्या वेळेचा शब्द आहे तो. माही मानसं तो घाईनं म्हणतच नाई.”

निर्मलाबाईंनी लेकीकडे एकवार पाहिलं. मग जुडीतले पऱ्हे बोटांत घेतले, छातीभर श्वास भरला आणि पाऊल सावकाश मागं टाकलं.

“सेलु… मा… वेरा…”

‘रा’वर रोप चिखलात बसलं. रीतानं तसंच केलं. मग तिच्या पलीकडचीनं. बघता बघता सगळी ओळ त्या शब्दाच्या चालीनं मागं येऊ लागली, जशी पाण्यावरून नाव यावी.

शेजारच्या बांधीतली सत्यभामा दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर येऊन उभी राहिली. “निर्मलाबाई, कोणत्या गावचं गाणं हो हे? कधी आईकलं नाई.”

रेणूनं मान खाली घातली. आई काय सांगेल, ते तिला ठाऊक होतं.

निर्मलाबाई कमरेवर हात ठेवून ताठ झाल्या.

“कोणत्याच गावचं नाई. माह्या पोरीनं केली हे भाषा. पुस्तकं लिवते ते.” आणि थोडं थांबून, साऱ्या बांध्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “पयलं पुस्तक अख्खं वाचलं मी. तिलेच सांगतलं नाई.”