आगीची हद्द

देवरावच्या नातवाचं बारसं झालं त्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोनं, शकुबाईनं, दरवर्षीप्रमाणे मोहाखालचा पाला पेटवला, वेचायची फुलं दिसावीत म्हणून. वारा फिरला आणि गावालगतचं झरीचं रान कडाडत पेटलं. होरपळलेले ससे देवरावच्या पायांतून पळत होते. पुण्यात वणव्याच्या गणितावर संशोधन करणारी, बारशाला आलेली त्याची लेक अर्पिता काडीपेटी घेऊन धावत आली. “बाबा, आगीची हद्द आधी ठरत नाही, जळता जळता ठरते. इकडून आपणच पेटवलं तर तिला पुढं खायला काहीच उरणार नाही. आई आली ना वर?” शकुबाई टोपली आणायला नाल्यात उतरलेली देवरावनं पाहिली होती. मागं गावात नातू पाळण्यात होता. “आली तुही माय,” म्हणत त्यानं पेटी हिसकावली. “काडी मी वढतो. तुह्या हातानं नोको.” दोन्ही आगी नाल्यावर भिडल्या. गाव वाचलं. शकुबाई त्या नाल्यातच वारली, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी.