खुळखुळणारा पुरावा

नऊ वर्षं ती कुलूपबंद पेटी कोर्टाच्या कपाटात पडून होती. दोघी बहिणींचा आईच्या ऐवजावरून दावा. दोघी एकदम हजर असल्याशिवाय उघडायची नाही, असा हुकूम. एक आली की दुसरी हमखास गैरहजर! मुरलेला कारकून दर तारखेला पेटी कानाशी हलवून बघायचा. आत काहीतरी खुळखुळायचं. मोती? हिरे? निवृत्तीला आठवडा उरला आणि त्याचा जीव टांगणीला लागला. आज मात्र दोघी आल्या, एकमेकींकडे पाठ करून. न्यायाधीशांसमोर कुलूप तुटलं. टेबलावर घरंगळले इवलेसे दुधाचे दात. यादी करायला कारकुनाने पेन उचललं. “कोणते कोणाचे, सांगा.” दोघी खाली वाकल्या. “हा तुटका माझा,” थोरली म्हणाली, “तूच पाडलास, झोपाळ्यावरून ढकलून.” “आणि मार मीच खाल्ला!” धाकटी हसली. कारकुनाने हळूच पेनाला टोपण लावलं.