रिकामा कंस
संगणकावरच्या कोडच्या नोटबुकमध्ये एखादा सेल, म्हणजे कोडचा एक तुकडा, चालला, की शेजारच्या कंसात आकडा उमटतो. “कंस रिकामा दिसला, की निकालावर विश्वास ठेवायचा नाही, पोरी,” हे सरांनीच शिकवलेलं. आज औषधाच्या चाचणीचा निकाल समितीसमोर मांडायचा होता. सरांनी स्वतः नोटबुक चालवलं आणि पडद्यावर झळकलं: दुष्परिणाम शून्य. शून्य कसं? औषधानं मूत्रपिंडं निकामी झालेले रुग्ण मोजणारा सेल मीच लिहिला होता. सर पान सरकवताना तो दिसला. त्याचा कंस रिकामा आणि वर नवीच ओळ: ‘हा सेल वगळा.’ “सर, हा चाललाच नाही,” मी कुजबुजले. “गप्प बस, पोरी,” ते हसऱ्या चेहऱ्यानं पुटपुटले. अध्यक्षबाईंनी चष्मा सावरला. “एकही दुष्परिणाम नाही? हे कोणी लिहिलंय?” सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “सगळं हिनंच. कोडला मी बोटसुद्धा लावलेलं नाही.”